सात पानांपैकी दोन

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात फरीदा सोलकरला लोक ओळखत ते तिच्या शिलाईवरून. शाळेचे गणवेश, लग्नाचे शरारे, झबली, काय म्हणाल ते ती शिवून द्यायची, आणि तिने केलेलं काज कधी उसवायचं नाही. नवरा मुझम्मिल बहारीनला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. दोन वर्षांनी दोन महिने घरी यायचा. घरात सासू आणि एकुलती एक मुलगी अलफिया. फरीदा बोलायला कमी होती. मशीन चालू असलं की तिला बोलायची गरजही पडत नसे.

२००५ च्या जानेवारीतली गोष्ट. सासूने बंदरावरून सुकट आणली आणि पुडी ओट्यावर टाकून ती नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला मागे गेली. फरीदाने पुडी सोडली, सुकट सुपात ओतली आणि चुरगळलेला कागद टाकायला गेली, तर त्यावर तिला आपलं नाव दिसलं. निळ्या शाईत, तिरप्या अक्षरात: फरीदा मु. सोलकर, वय २६. कोपऱ्यात २/७ असा आकडा. बाकीचं बरंचसं इंग्रजीत होतं, पण मध्येच अवतरणचिन्हांत दोन ओळी मराठीत होत्या.

‘पोरगी रडायला लागली की वाटतं, तिला घेऊन पाण्यात उतरावं. म्हणजे दोघी गप्प होऊ.’

आणि खाली: ‘घरी कळवू नये, पेशंटची विनंती.’

ते शब्द तिचेच होते. सहा वर्षांपूर्वी, माळनाक्याजवळच्या एका गल्लीत, डॉक्टर आंबर्डेकरांच्या खोलीत पंख्याखाली बसून तिने ते उच्चारले होते. अलफिया तेव्हा तीन महिन्यांची होती. फरीदाला झोप नव्हती, भूक नव्हती, मुलीकडे बघितलं की छातीत दगड बसायचा. धागे-बटणं आणायला जाते असं सांगून ती तिथे जायची. अकरा वेळा गेली. डॉक्टर म्हणाले होते, “हा बाळंतपणानंतरचा आजार आहे, तुमचा स्वभाव नाही. गोळ्या घ्या, येत राहा. आणि इथे बोललेलं या चार भिंतींबाहेर जात नाही.” त्याच डॉक्टरने तिला बरं केलं होतं, हेही तितकंच खरं. पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी अलफिया दात नसलेलं तोंड उघडून हसली आणि फरीदालाही हसू आलं. त्यानंतर तिने ते सगळं मनाच्या तळाशी टाकलं, वर झाकण ठेवलं, आणि पुन्हा कधी उघडून पाहिलं नाही.

आता त्या झाकणाखालचं सुकटीच्या वासासकट तिच्या ओट्यावर येऊन पडलं होतं.

तिने डोक्यावर ओढणी घेतली आणि तडक बंदर गाठलं. सुक्या मासळीवाली हौसा नेहमीच्या जागी बसली होती. तिच्या मांडीखाली तसल्याच कागदांची थप्पी होती.

“हौसाबाय, हे कागद कुठनं आणलंस?”

“रद्दीवाल्याकडनं, किलोवर. जाड हाय, तेल सुटत नाय. का गो? सुकट खवट निघाली काय?”

“नाही. मला शिवणाचे नमुने कापायला कागद हवेत. सगळी थप्पी दे.”

“कालपर्यंत ही एवढी होती,” हौसा हाताने उंची दाखवत म्हणाली. “अर्धी तर संपली पण.”

थप्पीत त्रेचाळीस पानं होती. घरी येऊन फरीदाने दार लावलं आणि एकेका पानाचं फक्त नाव बघितलं. तिचं एकही नव्हतं. सगळी दुसऱ्यांची. वाचायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी एका पानावर डोळा अडकलाच. पोफळीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतला कोणी एक माणूस होता. त्याला घरी आल्यावरही पॉवरहाऊसची घरघर ऐकू येते, बायको बोलली तरी त्या आवाजातूनच ऐकू येते, असं त्याने सांगितलं होतं. फरीदाने पान पालथं केलं. आपण कोणाच्या तरी घरात न विचारता शिरलो, असं तिला वाटलं. ते सगळे कागद तिने जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून मशीनखालच्या पेटीत ठेवले. पण तो आकडा तिच्या डोक्यातून जात नव्हता. सातातलं एक तिच्याकडे होतं. उरलेली सहा गावात कुठेतरी फिरत होती.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. भिंतींना ताज्या रंगाचा वास होता. कागदांचे गठ्ठे जिथे असायचे त्या कपाटाच्या जागी संगणक बसला होता. डॉक्टरांनी तिला ओळखलं. तिने पान लांबूनच दाखवलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

“बाबूला मी जुने कागद हलवायला सांगितलं होतं,” ते म्हणाले. बाबू म्हणजे त्यांचा कंपाउंडर. “त्याने परस्पर विकले असणार. चूक झाली. पण तुम्ही आता ठणठणीत आहात ना? मग कशाला मनाला लावून घेता? पुडीचा कागद कोण वाचतं? द्या तो इकडे, मी नष्ट करतो.”

त्यांनी हात पुढे केला. फरीदाने पान ओढणीत घेतलं.

“बाकीची सहा?”

डॉक्टरांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

पुडीचा कागद कोण वाचतं, हे वाक्य तिच्या डोक्यात घुमत राहिलं, कारण वाचणारी तिच्याच घरात होती. अलफिया पहिलीत होती आणि नुकतीच तिला अक्षरं लावायचा नाद लागला होता. दुकानांच्या पाट्या, एसटीच्या फळ्या, साबणाचं वेष्टण, जे दिसेल ते ती मोठ्याने वाचायची. चण्याची पुडी हातात आली की आधी कागद पसरायची. “अम्मी, हे बघ, स-र-का-री.” फरीदाचा हात मशीनच्या चाकावरच थांबायचा. ती धावत जाऊन कागद हिसकावून घ्यायची, पोर रडायची. मग फरीदाने दुकानातून काही आणलं की दाराबाहेरच ते डब्यात ओतायला सुरुवात केली. रस्त्यात पडलेला कागद दिसला की ती वाकायची. कोणाच्या लग्नात गेली, तर बिर्याणी सोडून वाटायला ठेवलेल्या वडीच्या पुड्यांकडे बघत बसायची. समोरून येणारी बाई जरा जास्त वेळ बघून गेली की वाटायचं, हिच्याकडे तिसरं पान असणार. पाचवं कोणाकडे असेल? आणि सहाव्यावर आपण काय सांगितलं होतं?

हे तिने कोणालाही सांगितलं नाही. कदाचित सांगितलंही नसतं. पण मार्चमध्ये चौथं पान बाहेर आलं.

शेजारच्या कमळाने शेंगदाणे आणले होते, त्या पुडीच्या कागदावर सोलकर नाव दिसलं म्हणून तिने तो फरीदाच्या सासूला आणून दिला. मनात वाईट काही नव्हतं. घरचा काही कामाचा कागद असेल असं तिला वाटलं. सासूला कुराण वाचता यायचं, मराठी नाही. तिने कमळाच्याच मुलीला वाचायला बसवलं. मुलीने इंग्रजी सोडलं आणि मराठी तेवढं वाचलं. ‘सासू तिला घेऊन बाहेर गेली की सुटल्यासारखं वाटतं. ती परत आलीच नाही तर बरं.’

फरीदा आतून बाहेर आली तेव्हा मुलगी कागद धरून उभी होती, कमळा खाली बघत होती, आणि सासू अलफियाला पोटाशी धरून बसली होती.

“अम्मी, तेव्हा मी आजारी होते,” फरीदा म्हणाली.

“पोरीबद्दल बोललीस हे?” सासूने विचारलं. “माझ्या मुझम्मिलच्या पोरीबद्दल?”

त्या दिवसापासून सासूने अलफियाला तिच्याजवळ एकटं सोडणं बंद केलं. भांडण नाही, टोमणा नाही. फरीदा पोरीला आंघोळ घालायला निघाली की सासू न्हाणीच्या दारात पाट टाकून बसायची. शाळेत सोडायला तीच जायची. शुक्रवारी मुझम्मिलचा फोन आला तेव्हा आधी सासू बोलली, बराच वेळ, हळू आवाजात. मग रिसीव्हर फरीदाकडे आला.

“तू मला का नाही सांगितलंस?” तो म्हणाला.

“तुम्ही तिकडे होतात. महिन्यातून एकदा पाच मिनिटं बोलायचो. त्यात काय सांगणार होते?”

तारेत नुसती खरखर येत राहिली. मग तो म्हणाला, “अलफियाला सुट्टीत खेडला महरीनकडे पाठवू. थोडे दिवस.”

महरीन म्हणजे त्याची बहीण. मे महिन्यात अलफिया खेडला गेली. फरीदाने तिची पिशवी भरली, दोन नवे फ्रॉक शिवून दिले. जून लागला, शाळेची घंटा झाली, पोर परत आली नाही. महरीनने तिकडच्या शाळेत चौकशी केलीय, असं कानावर आलं.

त्या दिवशी फरीदा एसटी पकडून थेट खेडला गेली. महरीनने चहा ठेवला, पण नजर चुकवत होती.

“भाभी, राग धरू नको,” ती म्हणाली. “पण तू आता बरी आहेस ना? म्हणजे अगदी?”

“सहा वर्षं तिला कोणी वाढवलं, महरीन? तिला गोवर आला तेव्हा उशाशी कोण होतं? तो कागद नसता आला, तर तू हा प्रश्न विचारला असतास?”

महरीन उठली. आत जाऊन अलफियाची पिशवी घेऊन आली. परतीच्या एसटीत अलफिया खिडकीला नाक लावून पाट्या वाचत होती, आणि फरीदाने मनाशी ठरवलं, आता गप्प बसायचं नाही.

कोर्टाच्या आवारात राही शिरधनकर नावाच्या वकीलबाई होत्या. त्यांच्या मुलीचे गणवेश फरीदा शिवायची, तेवढीच ओळख. राहीबाईंनी दोन्ही पानं वाचली, परत उलटी ठेवली, आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“पोलिसात जाऊ?” फरीदाने विचारलं.

“जाल, पण ते विचारतील, चोरी कुठे झाली? कागद डॉक्टरच्याच दवाखान्यातून विकले गेलेत. संगणकातल्या माहितीसाठी पाच वर्षांपूर्वी नवा कायदा आलाय, पण तो कागदाला लागत नाही. दिवाणी दावा लावता येईल. फक्त अलफिया कॉलेजात जाईपर्यंत तारखा पडत राहतील.”

“मग काहीच नाही?”

“आहे. दोन दारं आहेत. एक मुंबईचं, वैद्यक परिषदेचं. पेशंटने सांगितलेलं डॉक्टरने बाहेर जाऊ देता कामा नये, असा त्यांचा लेखी नियम आहे. ते त्याला ताकीद देतील, फार तर काही काळ नोंदणी काढतील. त्यातून तुमच्या हातात काही येणार नाही, पण ते कागदोपत्री राहील. दुसरं दार इथलंच, ग्राहक मंच. फी देऊन उपचार घेतले म्हणजे तुम्ही ग्राहक. गुपित सांभाळणं हा उपचाराचाच भाग. ते नाही सांभाळलं तर सेवेत कसूर. घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला लागतं, आपण मुदतीत आहोत.” मग त्या थांबल्या. “पण फरीदाभाभी, एक सांगते. तक्रार करायची म्हणजे ही पानं तक्रारीला जोडायची. जे लपवायचंय तेच तीन परक्या माणसांना वाचायला द्यायचं. घरी विचार करून या.”

“माझ्या घरात ते वाचून झालंय,” फरीदा म्हणाली. “लिहा.”

राहीबाई हुशार होत्या. तक्रारीआधी त्यांनी डॉक्टरांना साधं पत्र पाठवलं: पेशंटला तिच्या सर्व नोंदींची प्रत हवी आहे, नियमाप्रमाणे बहात्तर तासांत द्यावी. डॉक्टरांचं उत्तर रजिस्टरने आलं. नोंदी तीन वर्षांपेक्षा जुन्या असल्याने त्यांची विल्हेवाट लावण्यात आली आहे. राहीबाईंनी ते पत्र टेबलावर ठेवून त्यावर बोट टेकवलं. “कागद त्यांचेच होते आणि त्यांनीच बाहेर काढले, हे त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलं.”

मंचापुढे तक्रार उभी राहायला वर्ष गेलं. सुनावणीच्या दिवशी फरीदा बुरखा घालून आली. बाकांवर दुसऱ्या केसेसची माणसं बसली होती. कोणाचा फ्रिज बिघडलेला, कोणाचा विमा अडकलेला. राहीबाईंनी विनंती केली आणि अध्यक्षांनी त्या सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलं. पानं बंद पाकिटात होती, ती तिघांनी आळीपाळीने वाचली. ते वाचत होते तेवढा वेळ फरीदा फरशीकडे बघत होती. वाचणारे आणखी तीन, असं ती मोजत होती.

डॉक्टरांच्या वकिलांनी नियमावर बोट ठेवलं. “तीन वर्षांनंतर नोंदी ठेवायची सक्ती नाही.”

“ठेवायची सक्ती नाही, मान्य,” राहीबाई म्हणाल्या. “पण जाळता आल्या असत्या, फाडता आल्या असत्या. सुकट बांधायला द्यायची परवानगी कुठल्या नियमात आहे, ते दाखवावं.”

मग त्या वकिलांनी फरीदाला विचारलं, “बाई, कागदावर लिहिलंय ते तुम्ही खरंच बोलला होतात ना?”

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. “हा प्रश्न विचारायचा नाही. बाई, तुमचं नुकसान काय झालं, तेवढं सांगा.”

फरीदा रात्रंदिवस मनात घोळवलेली सगळी वाक्यं विसरून गेली. तिला एकच आठवलं. “मी माझ्या पोरीला आंघोळ घालते तेव्हा माझी सासू दारात बसते,” ती म्हणाली. “अजून बसते.”

डॉक्टर खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले. पुढे त्यांनी वर बघितलं नाही.

निकाल २००७ च्या सुरुवातीला लागला. सेवेत कसूर झाली, भरपाई द्यावी. भरपाई मोठी नव्हती. फरीदाने त्याची कधी चर्चा केली नाही. तिने तक्रारीत आणखी एक मागणी घातली होती, त्यावरच तिचा जीव होता: ती त्रेचाळीस पानं ज्यांची त्यांना मिळावीत. मंचाने आधी डॉक्टरांना सगळ्यांना पत्रं पाठवायला सांगायचं ठरवलं होतं, तेव्हा फरीदाच उठून उभी राहिली होती.

“साहेब, पत्र नको. पोस्टमन ते घरात कोणाच्या हातात देईल, काय भरवसा? एकाचं झालं ते सगळ्यांचं होईल.”

म्हणून राहीबाई आणि मंचाचा एक कारकून यांनी, ज्यांचे पत्ते लागले त्यांना, बाजारात, ऑफिसात, एसटी स्टँडवर, एकटं गाठून निरोप दिला. नऊजण आले. कोणी पान घडी करून खिशात घातलं, कोणी तिथेच फाडलं. एक म्हातारे गृहस्थ पान हातात घेऊन म्हणाले, “हे तिचं आहे. ती गेली. मला तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.” कारकुनाने त्यांना पाणी दिलं. राहिलेली पानं कोर्टामागे, पंचनामा करून जाळली. फरीदा तिथे शेवटचा कागद काळा होईपर्यंत उभी होती. पुढल्या वर्षी मुंबईहून पत्र आलं. परिषदेने डॉक्टरांना ताकीद दिली होती. तोवर त्यांनी रत्नागिरी सोडली होती.

सासूचा पाट न्हाणीच्या दारातून कधी हलला, ते फरीदाला नेमकं सांगता येणार नाही. एका रमजानात म्हातारीला ताप भरला, फरीदाने पंधरा दिवस तिचं सगळं केलं, आणि त्यानंतर पाट तिथे दिसला नाही. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. मुझम्मिल मात्र बोलला. सुट्टीवर आला तेव्हा, ती काज करत असताना समोर बसून म्हणाला, “पोरीला खेडला पाठव म्हणालो, ते चुकलं माझं.” फरीदाने मान हलवली. काही वाक्यं माफ करता येतात, पण ती ऐकू येणं थांबत नाही.

अलफिया अकरा वर्षांची झाली. आता ती भराभर वाचायची, इंग्रजीसुद्धा. फरीदाच्या मनात एकच धास्ती होती, हिला हे कुठल्या तरी कागदावरून कळता कामा नये. २००९ च्या डिसेंबरात, शाळा लवकर सुटलेल्या एका दुपारी, तिने मशीनवरचं काम बाजूला ठेवलं आणि मुलीला जवळ बसवलं. तिने सगळं सांगितलं. पाणीसुद्धा वगळलं नाही.

सांगून झाल्यावर अलफियाने विचारलं, “मग गेली का नाहीस?”

“तू रडायला लागलीस. दुधाची वेळ झाली होती.”

मुलीने त्यावर विचार केला. “म्हणजे मी रडायचे म्हणून जावंसं वाटायचं, आणि मी रडले म्हणून राहिलीस?”

“हो. असंच काहीतरी.”

बाहेर बर्फाची गाडी बंदराकडे वळली. मग अलफियाने विचारलं, “उरलेल्या पाच पानांत काय आहे, अम्मी?”

फरीदाने आठवायचा खूप प्रयत्न केला. तिला ती खोली आठवली, पंखा आठवला, डॉक्टरांची निळी शाई आठवली. शब्द आले नाहीत.

“मला नाही माहीत,” ती म्हणाली. “कोणीतरी वाचलं असेल. मला आता आठवत नाही.”